लेक एरीवर पुन्हा गळ टाकताना: निवृत्तीनंतरचा पहिला वॉलआय हंगाम

टोलेडो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट या पट्ट्यात नोकरी करताना कधीकाळी वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागलेले, मग मुलांच्या शाळा-कॉलेजात आणि प्रमोशनच्या धावपळीत ते सोडून दिलेले आणि आता निवृत्त होऊन परत पाण्याकडे वळलेले, अशा लोकांसाठी हा लेख आहे. अगदी पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यालाही तो चालेल. किंबहुना त्याला थोडं सोपं जाईल, कारण मोडायला जुन्या सवयी नसतात. वीस-पंचवीस वर्षांनी परतणाऱ्याला नडतो तो "मला येतं की" हा विश्वास. तळं बदललंय, नियम बदललेत आणि आपले गुडघेही बदललेत.

तळं म्हणायचं खरं, पण लेक एरी सुमारे ३८८ किलोमीटर लांब आहे. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांत सगळ्यात उथळ हेच. टोलेडोकडच्या पश्चिम भागाची सरासरी खोली जेमतेम २४ फूट, मधल्या भागाची साधारण ६० फूट, आणि बफेलोकडच्या पूर्व भागात सगळ्यात खोल जागी तळ २०० फुटांच्या पुढे जातो. उथळपणामुळे पाणी लवकर तापतं, मासा भरपूर वाढतो आणि त्याच उथळपणामुळे लाटा बघता बघता उभ्या राहतात. फायदा आणि धोका एकाच कारणातून येतात, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

मधल्या काळात काय बदललं? १९८०च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपले आले आणि पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ झालं. वॉलआयचे डोळे अंधारात पाहायला बनलेले असल्याने स्वच्छ पाण्यात, भर उन्हात तो बोटीपासून लांब सरकतो. जुन्या वहीत लिहून ठेवलेले लोरानचे (रेडिओ लहरींवरून जागा सांगणाऱ्या जुन्या यंत्रणेचे) आकडे आता थेट कामाचे नाहीत, कारण लोरानचं प्रक्षेपण अमेरिकेत फेब्रुवारी २०१० मध्ये बंद झालं. ते आकडे अक्षांश-रेखांशात बदलता येतात, पण काही शे फुटांचा फरक पडू शकतो. म्हणून जागा सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, पुन्हा शोधून नवी खूण करून घ्या. आनंदाची गोष्ट म्हणजे मासे भरपूर आहेत. २०१५, २०१८, २०१९ आणि २०२१ या वर्षी पिल्लांची पैदास जोरदार झाली.

पाण्यात उतरण्याआधी, गॅरेजमध्ये

बोट बरीच वर्षं उभी असेल तर मार्च महिना तिच्यासाठीच राखून ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वर्षभरात खराब होतं आणि रबरी नळ्या आतून सुटायला लागतात. नळी चिमटीत दाबल्यावर कडक लागली किंवा तडे दिसले तर बदला. इंजिनाला पाणी खेचून देणारं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, दोन-तीन वर्षांनी बदलायचंच असतं. उभ्या इंजिनात त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच राहतात. इंजिन सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार जोरात येत नसेल तर ताबडतोब बंद करा. गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलेलं आहे आणि पाणी आत शिरतंय.

ट्रेलरकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि पहिली फजिती हायवेवर होते ती त्याच्याचमुळे. टायरच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरून घ्या. पहिल्या प्रवासात दहा-बारा मैलांवर थांबून चाकाच्या मध्यभागी हात लावा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

सुरक्षेच्या सामानातही तारखा असतात. धोक्याचा इशारा देणारे फ्लेअर तयार झाल्यापासून ४२ महिने चालतात आणि महासरोवरांवर १६ फुटांच्या किंवा त्याहून मोठ्या बोटीत ते किंवा तसं दुसरं मान्य साधन सक्तीचं आहे. वापरून टाकायच्या प्रकारचं अग्निशामक नळकांडं १२ वर्षांनंतर बाद. हवेने फुगणारी लाइफ जॅकेट असतील तर आतली गॅसची छोटी बाटली घट्ट बसली आहे का आणि पाण्यात विरघळणारी गोळी जुनी झालीय का ते पाहा. २६ फुटांपेक्षा लहान बोटीत, वेगात जाताना, इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवणं १ एप्रिल २०२१पासून बंधनकारक आहे. पूर्वी ती डॅशबोर्डवर लोंबकळत असायची. आता तसं चालत नाही, आणि चालू नयेच.

मोबाइलवर विसंबू नका. किनाऱ्यापासून सात-आठ मैलांवर सिग्नल येतो-जातो. बोटीला पक्का बसवलेला व्हीएचएफ रेडिओ हवा. चॅनेल १६ (मदतीच्या हाकेचा) नेहमी चालू ठेवा. रेडिओचा नोंदणी क्रमांक भरून तो जीपीएसला जोडला की लाल बटण दाबताच तुमची जागा तटरक्षक दलाला कळते. नोंदणी न केलेल्या रेडिओवरचं लाल बटण म्हणजे नुसती शोभा.

दोऱ्या बदला, सगळ्या. जुना मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, प्लास्टिकसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच मोठ्या माशाला गाठीपाशी तुटतो. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी रोखून धरणारा ब्रेक, दोरी हाताने ओढून बघा. झटके देत सुटत असेल तर आतल्या चकत्या साफ करून ड्रॅगचं ग्रीस लावा. हंगाम संपल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायची सवय तेव्हा नसेल तर आता लावून घ्या. रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथे चीर आहे आणि ती दोरी कापणार.

शरीराचा हिशेब

एप्रिलमध्ये पाणी ४० ते ४५ अंश फॅरनहाइट असतं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो, दहाएक मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. म्हणून लाइफ जॅकेट अंगात असायला हवं, सीटखाली नाही. दुसरी, फारशी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे परत वर चढणं. मागच्या बाजूची शिडी पाण्यात किमान दोन पायऱ्या खाली उतरते का? जूनमध्ये, उथळ पाण्यात, कपड्यांसकट एकदा चढून बघा. पंचेचाळिशीत हाताच्या जोरावर वर येणारा माणूस अडुसष्टाव्या वर्षी येईलच असं नाही. चढता आलं नाही तर तीन-चार पायऱ्यांची शिडी बसवून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वॉलआयचे दात, पाठीवरच्या पराचे काटे आणि कल्ल्यांची धारदार कड या तिन्ही गोष्टी महागात पडतात. डाव्या हातात जाड रबरी मोजा, गळ काढायला लांब नाकाची पक्कड आणि प्रथमोपचाराच्या डब्यात रक्त थांबवणारी पट्टी ठेवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे बरेच जण बोटीवर सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. जुलैच्या उन्हात चक्कर येते ती त्यामुळे. गोळीची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. पाणी तोडू नका. बोटीवर झाकणाची बादली ठेवायला लाजण्यासारखं काही नाही.

पहिला हंगाम एकट्याने जाऊ नका. रॅम्पवर बोट उतरवताना आणि मासा जाळीत घेताना दुसरा माणूस लागतोच.

परवाना आणि नियम

ओहायोच्या पाण्यात सध्या दिवसाला माणशी ६ वॉलआय आणि किमान लांबी १५ इंच. मोजताना तोंड मिटलेलं हवं, शेपटीची दोन टोकं एकत्र दाबून टोकापर्यंत मोजायचं. ओहायोतल्या ६६ किंवा त्यापुढच्या वयाच्या रहिवाशांना सवलतीचा परवाना मिळतो. राज्याबाहेरच्यांना जानेवारी ते एप्रिल या काळात लेक एरीसाठी जादा परवाना घ्यावा लागतो. भारतातून मुलाकडे आलेल्या आई-वडिलांनाही गळ हातात धरायचा असेल तर परवाना हवा. त्यांच्यासाठी एका दिवसाचा परवाना असतो. किती रॉड लावायचे, सोललेला मासा बोटीवर ठेवायचा का, याचे नियम वर्षागणिक बदलू शकतात. दरवर्षी मार्चमध्ये राज्याचं ताजं पत्रक वाचा. या माशाचा वार्षिक कोटा सरोवराकाठची राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत यांची समिती ठरवते, म्हणून आकडे हलतात.

अमेरिका-कॅनडा सीमारेषा सरोवराच्या मधून जाते आणि पाण्यावर दिसत नाही. केलीज आयलंडच्या उत्तरेला थोडं पुढे गेलात की ऑन्टॅरिओचं पाणी लागतं. तिथे गळ टाकायला ऑन्टॅरिओचा परवाना लागतो. चार्टप्लॉटरवर (बोटीवरच्या डिजिटल नकाशावर) ती रेषा ठळक करून ठेवा. पोर्ट क्लिंटनच्या पश्चिमेला कॅम्प पेरीचा गोळीबार सरावाचा पट्टा आहे. सराव चालू असताना तो भाग बंद असतो आणि वसंतातले काही चांगले खडक नेमके तिथेच आहेत. निघण्यापूर्वी चौकशी करा.

पहिली खेप दुसऱ्याच्या बोटीतून

स्वतःची बोट तयार असली तरी पहिली खेप चार्टरने, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याच्या बोटीने, करा. सहा जणांची बोट असते, खर्च वाटून घेता येतो. मासे मिळतीलच, पण खरी कमाई निरीक्षणाची असते. कॅप्टन कुठल्या वेगाने चालवतो, आमिष किती फूट मागे सोडतो, कोणत्या खोलीवर मासे दिसले की थांबतो, हे त्याला विचारून लिहून घ्या. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. फार खर्च नको असेल तर माणशी तिकीट घेऊन चढता येणाऱ्या मोठ्या बोटी पोर्ट क्लिंटन परिसरातून निघतात.

मासा कुठे, कधी

मार्च-एप्रिलमध्ये वॉलआय अंडी घालायला पश्चिमेकडच्या खडकांवर आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत येतो. खडकांवर ८ ते १५ फूट पाण्यात पाऊण औंसापर्यंतचे केसाळ जिग (जड डोक्याचे गळ) तळाला टेकवत उचलायचे. नदीत कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून मासे धरण्याची इथे परंपरा आहे. पण थंडगार, जोरात वाहणारं पाणी आणि गुळगुळीत दगड, ही परतण्याची जागा नव्हे.

मेपासून मासे खडक सोडून पसरतात. मे आणि जून हा परतणाऱ्याचा खरा हंगाम. पाणी ५५ ते ७० अंश, मासा किनाऱ्यापासून जवळ, आणि साध्या गांडुळावर लागणारा. जूनमध्ये मेफ्लाय नावाच्या किड्यांचे थवे निघतात, इतके दाट की हवामानाच्या रडारवर दिसतात. मासे ते खाऊन टम्म होतात. त्या आठवड्यात आमिष लहान करा आणि संथ चालवा.

जुलैपासून मोठे मासे थंड पाण्यासाठी पूर्वेकडे सरकतात. ह्युरन, व्हर्मिलियन, लोरेन, मग फेअरपोर्ट, अ‍ॅश्टाब्युला, कॉनियॉट. मधल्या भागात उन्हाळ्याच्या अखेरीस तळाशी थंड पण प्राणवायू नसलेला थर साचतो. ७० फुटांच्या पाण्यात ६५ फुटांवर आमिष सोडणं त्यामुळे बहुधा वाया जातं. मासे त्या थराच्या वर असतात. पश्चिमेला याच दिवसांत हिरवी शेवाळ येते. २०१४च्या ऑगस्टमध्ये तिच्यामुळे टोलेडोत नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. हिरवा तवंग दिसला तर तिथून निघा. त्या पाण्यात हात धुऊ नका, कुत्र्याला उतरू देऊ नका.

वारा बघून निघायचं

हवामान खात्याचा किनारी पट्ट्याचा अंदाज निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा वाचा. आकडा बघायचा तो परतीच्या वेळेचा. सकाळी सहाला एक फूट लाट आणि अकराला तीन ते पाच असं लिहिलं असेल तर तो दिवस तुमचा नाही. १८ ते २० फुटांच्या बोटीला पहिल्या हंगामात दोन फुटांच्या वर नको. समुद्रावर दोन फूट म्हणजे काहीच नाही, पण इथे पाणी उथळ म्हणून लाटांमधलं अंतर तोकडं, दोन-तीन सेकंदांवर पुढची लाट येऊन बोटीचं नाक आपटते. कंबरेला ते लगेच कळतं.

दक्षिणेचा वारा ओहायोच्या किनाऱ्यालगत पाणी शांत ठेवतो. मात्र त्याच्या भरवशावर लांब गेलात तर परतताना लाटा तोंडावर घ्याव्या लागतात. ईशान्येचा वारा पूर्ण सरोवराची लांबी ओलांडून येतो. त्याने मोठ्या लाटा येतात आणि पश्चिमेचं पाणी गढूळ होतं, ते निवळायला एक-दोन दिवस लागतात. नैर्ऋत्येचा जोरदार वारा दिवसभर वाहिला तर पाणी बफेलोकडे ढकललं जातं आणि पश्चिमेची पातळी काही फूट खाली जाते. सकाळी सहज उतरवलेली बोट संध्याकाळी रॅम्पपाशी चिखलात टेकते ती अशी. वारा पडल्यावर तेच पाणी झोल खाऊन परत येतं. गडगडाट ऐकू आला की आमिषं गुंडाळा, "अजून एक मासा" नको.

पहिली पद्धत: वाऱ्यावर वाहत, गांडुळाने

एकच पद्धत नीट शिकायची असेल तर ही. लागणारं सामान थोडं: सात फुटांचा मध्यम रॉड, १० पौंडांचा ताण सोसणारी दोरी, तळाला लागणारं तारेचं वजन म्हणजे बॉटम बाउन्सर, आणि गांडुळाचा हार्नेस.

हार्नेस घरी बांधता येतो आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी बरा वेळ जातो. १५ ते १७ पौंडाचा फ्लुओरोकार्बनचा दोरा पाच-सहा फूट घ्या. टोकाला ४ नंबरचा गळ, त्याच्या वर तीन-चार इंचांवर दुसरा. मग पाच-सहा मणी, छोटा क्लेव्हिस (पातं अडकवायची कडी) आणि त्यात ५ किंवा ६ नंबरचं गोल पातं. मणी कमी पडले तर पातं गळाच्या मुठीवर आपटतं आणि फिरायचं थांबतं. गढूळ पाण्यात पितळी, नारिंगी किंवा हिरवट पिवळं पातं, स्वच्छ पाण्यात चंदेरी किंवा जांभळं.

गांडूळ लावण्यात बहुतेकांची चूक होते. पुढचा गळ गांडुळाच्या डोक्याच्या अगदी टोकातून एकदाच आरपार काढा. आता ते सरळ लोंबू द्या, ओढू नका, आणि मागचा गळ जिथे आपसूक येतो तिथेच टोचा. दोन गळांच्या मध्ये गांडूळ किंचित सैल हवं. ताणून लावलं तर तुटतं, गोळा करून लावलं तर पंख्यासारखं फिरतं आणि दोरीला पीळ बसतो. बोटीशेजारी एक फूट पाण्यात धरून बघा. पातं फिरतंय आणि गांडूळ सरळ पोहतंय, मगच खाली सोडा.

वजनाचा ठोकताळा दर १० फुटांना एक औंस. २५ फूट पाण्यात अडीच ते तीन औंस. बोटीचा वेग ताशी १ ते १.५ मैल. वाऱ्याने जास्त वेग आला तर पाण्यात ड्रिफ्ट सॉक (बोटीला मागे ओढणारी कापडी पिशवी) सोडा. वजन तळाला टेकलं की दोन वळसे वर घ्या, दोरी पाण्याशी साधारण ४५ अंशांत असावी. अधूनमधून एखादी टकटक जाणवली तर बरोबर. सारखी घासत असेल तर तळातले शिंपले दोरी कापतील.

चावा कळायला आठवडा लागतो. वॉलआय बहुतेक वेळा ओढत नाही, रॉडचं टोक जड होतं आणि तसंच राहतं. तेव्हा झटका द्यायचा नाही. रॉड माशाच्या दिशेला एक फूट मागे द्या, वजन आलं की सावकाश पुढे झुकवत गुंडाळायला लागा. तीन टकटक लागून गांडुळाची शेपटी गायब होत असेल तर ते पांढरे पर्च आहेत. गांडूळ अर्धं करा किंवा जागा सोडा. रॉड गदागदा हलवत खाली धडपडणारा जड मासा बहुधा शीप्सहेड निघतो. तो लागणार, त्याला इलाज नाही.

दुसरी पद्धत: बोट चालवत

जुलैनंतर मासे तळ सोडून मधल्या पाण्यात तरंगतात. ३५ फूट पाण्यात ते १८ ते २५ फुटांवर असतात. वॉलआय आमिषाला वर बघून येतो, खाली उतरून सहसा येत नाही. म्हणून सोनारवर २२ फुटांवर माशांच्या कमानी दिसल्या तर आमिष १८ ते २० फुटांवर चालवा. पुन्हा सुरुवात करणारे नेमके याच्या उलट, माशांच्या खालून, आमिष नेत बसतात.

आठ फुटांचे रॉड, दोरी किती सुटली हे दाखवणारे मीटरचे रीळ, १० किंवा १२ पौंडाचा मोनो, आणि दोरी बाजूला नेणारे प्लेनर बोर्ड, प्रत्येक बाजूला दोन. सुरुवातीला चारच रॉड. अनुभवी लोक आठ-दहा लावतात, तुमचा गुंता होईल. दोरीला साधा गोल स्नॅप (आमिष अडकवायची कडी) वापरा. जड स्विव्हल (फिरती कडी) लावलं की लाकडी-प्लास्टिकच्या नकली माशाची चाल बिघडते. खोल जाणारा, बँडिट कंपनीच्या आमिषासारखा नकली मासा १० पौंडाच्या मोनोवर १०० फूट मागे सोडला की साधारण वीस फुटांवर चालतो. जाड दोरीवर तो कमी खोल जातो. हार्नेस खोल न्यायचा असेल तर ५० फूट सोडून दोन औंसांचं चिमट्याचं वजन लावा, मग आणखी ५० फूट सोडून बोर्ड अडकवा.

लावताना आधी सगळ्यात बाहेरचा बोर्ड, मग आतला. वेग महत्त्वाचा: थंड पाण्यात ताशी १.२ ते १.८ मैल, उन्हाळ्यात हार्नेसला १.३ ते १.६, प्लास्टिकच्या माशाला २ ते २.४, चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषांना २.४ ते २.८. हे आकडे जीपीएसचे आहेत. प्रवाह असेल तर पाण्यातला वेग वेगळा असतो, म्हणून दिशा बदलल्यावर चावे थांबले तर आधी वेगावर शंका घ्या. शक्यतो वाऱ्याबरोबर चाला. लाटांवर तोंड करून गेलात तर वेग दर लाटेला घसरतो.

अधूनमधून बोट वळवा आणि लक्ष ठेवा. वळणात बाहेरच्या बाजूचं आमिष वेगात जातं, आतल्या बाजूचं मंदावतं. बाहेरच्या रॉडला मासा लागला तर वेग वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा. ही फुकट मिळणारी माहिती आहे.

मासा लागला की बोर्ड मागे पडतो किंवा बुडतो. इंजिन बंद करू नका, दोरी ढिली पडेल. रॉड धारकातून काढा, झटका न देता एका लयीत गुंडाळा. बोर्ड हाताशी आला की जाळी धरणाऱ्याने तो सोडवायचा, रॉडवाल्याने दोरी ताठ ठेवायची. सगळ्यात जास्त मासे या दहा सेकंदांत सुटतात. जाळी पाण्यात आधीच ठेवा आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणा. शेपटीकडून जाळी मारली तर तो उसळी मारतो. मोठा मासा एका दमात उचलायला जाऊन खांदा दुखावून घेऊ नका, जाळीची दांडी उभी धरून बोटीच्या काठावरून आत घ्या.

काही अडलं तर क्रमाने तपासा. मासे सोनारवर दिसतात पण लागत नाहीत: वेग, मग खोली, सगळ्यात शेवटी रंग. लोक उलट करतात, तासभर रंगच बदलत बसतात. अजिबात दिसत नाहीत: एक तर जागा रिकामी आहे, नाहीतर मासे वरच्या दहा फुटांत आहेत आणि बोटीला घाबरून बाजूला होताहेत. अशा वेळी बाहेरचा बोर्ड आणखी लांब सोडून, आमिष फक्त ३० ते ४० फूट मागे ठेवून बघा. एकाच रॉडला सारखे मासे लागतात: आमिष, लांबी सगळं लिहून घ्या आणि दुसऱ्या रॉडला तेच लावा.

३० फुटांच्या खालून वर आणलेल्या माशाचा हवेचा फुगा फुगतो. तो सोडला तरी बऱ्याचदा तरंगत मरतो. खोल पाण्यात कोटा भरला की थांबा, "पकडून सोडून देऊ" हा खेळ तिथे नको.

बर्फ, सुरी, कढई

मासा बोटीत आला की कल्ल्याखाली एक चिरा देऊन रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात. कूलरमध्ये बर्फ आणि थोडं पाणी असा लगदा करा, नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा मासा लवकर गार होतो. जुलैमध्ये चार रॉडच्या दिवसाला ४० पौंड बर्फ जास्त नाही. पोर्ट क्लिंटनला पौंडावर पैसे घेऊन मासे सोलून देणारी दुकानं आहेत. दिवसभर उभं राहून पाठ धरली असेल तर ते पैसे सत्कारणी लागतात. स्वतः करायचं असेल तर कातडी काढल्यावर मधोमध दिसणारी तांबूस रेघ कापून टाका. वास आणि चरबी दोन्ही तिथेच असतात. गालाचे दोन छोटे तुकडे टाकू नका. हा मासा किती वेळा खावा याचा सल्ला राज्य देतं, घरात गरोदर सुनेला किंवा लहान मुलांना वाढण्याआधी तो बघा.

मांस पांढरं, फारसा वास नसलेलं आणि जवळजवळ बिनकाट्याचं. सुरमई-पापलेटची सवय असलेल्याला ते जरा मवाळ लागतं, म्हणून मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, त्याहून जास्त नको, मांस सैल पडतं. रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं घेऊन त्यात घोळवा, मध्यम आचेवर एका बाजूने तीन मिनिटं. तुकडा एकदाच उलटायचा. कालवणात टाकायचा असेल तर अगदी शेवटी, पाच मिनिटांत शिजतो आणि ढवळलं तर विरतो.

बोट नसेल तर

नोव्हेंबरमध्ये, पाणी ५० अंशांच्या खाली उतरल्यावर, मोठे वॉलआय रात्री लहान माशांच्या मागे किनाऱ्याशी येतात. ह्युरन, लोरेन, क्लीव्हलँडच्या धक्क्यांवरून आणि खडकांच्या बांधांवरून चार-पाच इंचांचे लांबट प्लास्टिकचे मासे फेकायचे आणि अगदी हळू, मध्ये मध्ये थांबत ओढायचे. अंधार पडल्यावरचे पहिले दोन-तीन तास चांगले. डोक्याला दिवा, बुटांना खिळ्यांचे तळवे, अंगात लाइफ जॅकेट आणि सहा फूट दांडीची जाळी एवढं हवंच. पाण्यावर उजेड पाडू नका, गाठ बांधायची तर किनाऱ्याकडे तोंड करून बांधा. दगडांवर बर्फाचा पापुद्रा दिसला तर त्या रात्री सपाट काँक्रीटचा धक्का गाठा, नाहीतर घरी परता.